मीटर उशीपाशी धरा

रात्री घरातल्या एकाच माणसाला एक बारीक घुमणं ऐकू येत असतं. कुठला तरी पंप असेल, ट्रान्सफॉर्मर असेल, वरच्या मजल्यावरचा कॉम्प्रेसर असेल. दिवसा ते जाणवतही नाही. दिवे मालवले, बोलणी थांबली की ते हळूहळू वर येतं. आधी कानात, मग छातीत आणि शेवटी थेट उशीत. कित्येक रात्री अशा गेल्यावर तो माणूस तक्रार करतो. मग कुणीतरी मोजायला येतं, हातात मीटर धरून खोलीच्या मधोमध उभं राहतं, अर्धा मिनिट पडद्याकडे बघतं आणि सांगतं, ३३ डेसिबल. एवढ्या आवाजाच्या खोलीला शांत खोलीच म्हणतात. मीटर पिशवीत परत जातो, दार लागतं, आणि आत राहिलेल्या माणसाला आता आवाजाबरोबर स्वतःच्या कानांचीही शंका यायला लागते. हे इतक्या ठिकाणी इतक्या सारख्या रीतीने घडतं की त्याची टोचणी मनातून जात नाही. त्यात कुणी खोटं बोललेलं नसतं. मीटर उत्तम चालत असतो आणि माणसाला ऐकू येतंय तेही खरंच असतं.

मग ते ३३ नेमके कशाचे?

पडद्यावर आकड्याच्या बाजूला एक छोटं अक्षर असतं, बहुतेक वेळा 'ए'. त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण आकड्याचा निम्मा अर्थ तिथे असतो. आपला कान सगळ्या स्वरांना सारखा प्रतिसाद देत नाही. बोलण्यातली व्यंजनं, शिटी, भांड्यावर भांडं आपटल्याची किणकिण असे चढे आवाज तो चटकन पकडतो आणि खर्जाकडे जावं तसा मंद होत जातो. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ साली मोजून मांडलं. हेडफोन लावलेल्या माणसांना वेगवेगळ्या उंचीचे शुद्ध स्वर ऐकवायचे आणि ते १००० हर्ट्झच्या स्वराइतके मोठे केव्हा वाटतात ते विचारायचं, अशी ती रीत होती. त्यातून समान मोठेपणाच्या वक्ररेषा निघाल्या. त्यातल्या ४० डेसिबलच्या, म्हणजे बऱ्यापैकी हळू आवाजाच्या रेषेवरून 'ए' वेटिंग, म्हणजे कोणत्या उंचीच्या स्वरातून मीटरने किती डेसिबल कापायचे त्याचा तक्ता, तयार झालं आणि १९३६ सालच्या अमेरिकी मानकात आलं. मूळ बेत असा होता की हळू आवाजाला ए, मध्यमाला बी आणि मोठ्याला सी. पुढे सोयीसाठी सगळ्यालाच ए लावायची सवय पडली. बी तर आज चालू असलेल्या 'आयईसी ६१६७२' या मानकातून गळून गेलं. सी मीटरवर अजून आहे, पण त्याचं बटण क्वचितच दाबलं जातं.

ए वेटिंग खर्जातून किती कापतं हे एकदा बघून ठेवावं. १००० हर्ट्झला वजाबाकी शून्य. ५०० ला ३.२ डेसिबल, २५० ला ८.६, १२५ ला १६.१, ६३ ला २६.२ आणि ३१.५ हर्ट्झला तब्बल ३९.४. ज्या वीजजाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असते तिथला ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झला घुमतो, कारण त्याच्या गाभ्याचा पत्रा विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो. १०० हर्ट्झला ए वेटिंग १९.१ डेसिबल वजा करतं. म्हणजे उशीपाशी त्या घुमण्याचे ५७ डेसिबल हजर असले, तरी ए च्या हिशेबात त्यांचे ३८ होतात. कानाला १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर पूर्ण शांततेत साधारण २७ डेसिबलपासून ऐकू यायला लागतो. ५७ म्हणजे त्या उंबरठ्याच्या ३० डेसिबल वर. त्यात खर्जाचा आणखी एक गुण असा, की तिथे त्या समान मोठेपणाच्या रेषा एकमेकींच्या जवळ सरकतात. उंबरठा ओलांडला की पातळीतली थोडीशी वाढही कानाला मोठी वाटते. म्हणून घुमण्याबद्दल तक्रार करणारी माणसं "मध्येच एकदम वाढतं" असं म्हणतात तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवावा. मीटरवर तीन-चार डेसिबलचा फरक दिसत असेल, तरी ऐकणाऱ्याला तो त्याहून बराच मोठा जाणवत असतो.

सी वेटिंग खर्जाला जवळपास हात लावत नाही. ६३ हर्ट्झला ते फक्त ०.८ डेसिबल वजा करतं, ३१.५ ला ३. त्यामुळे एकाच जागी आधी ए आणि मग सी अशी दोन रीडिंग घेतली आणि त्यांची वजाबाकी केली, की साध्यातल्या साध्या मीटरवरसुद्धा आवाजाची जात कळते. फरक तीन-चार डेसिबल असेल तर खर्ज फारसा नाही. १५ किंवा २० च्या घरात गेला की खोलीत खर्ज भरलाय असं समजावं, आणि मग एक-तृतीयांश सप्तकाचे पट्टे दाखवणारा, म्हणजे आवाजाचे स्वराच्या उंचीनुसार अरुंद तुकडे पाडून प्रत्येकाची पातळी वेगळी दाखवणारा मीटर मागवावा. त्या पट्ट्यांत घुमणं कसं दिसतं हे एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. आजूबाजूचे सगळे खांब बुटके असतात आणि १०० च्या पट्ट्यावर एकच खांब ताठ उभा असतो. ज्याला इतके दिवस भास म्हटलं गेलं त्याचा तो पुरावा असतो. अशा एकसुरी आवाजाचा त्रास आकड्यापेक्षा जास्त होतो हे मानकांनीही मान्य केलंय. 'आयएसओ १९९६' या क्रमांकाच्या मानकात ठळक स्वर असेल तर मोजलेल्या पातळीत ३ ते ६ डेसिबलची भर घालायची सोय आहे.

पण मोजणारा चुकीच्या जागी उभा असेल तर पट्टेही कामाला येत नाहीत, आणि मला वाटतं की बहुतेक अन्याय इथेच होतो. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे ३.४ मीटर, म्हणजे नेहमीच्या झोपायच्या खोलीच्या मापाचीच. समोरासमोरच्या भिंतींवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि खोलीत जागच्या जागी उभ्या राहतात. काही जागी दाब कमाल असतो, काही जागी जवळजवळ नाहीसा होतो, आणि या दोन जागांत अंतर असतं पाव लाटेचं, म्हणजे अवघे ८५ सेंटिमीटर. भिंतीपाशी दाब नेहमी जास्त, दोन भिंती मिळतात तिथे त्याहून जास्त आणि तीन पृष्ठभाग मिळतात त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त. माणसं झोपतात कुठे? पलंगाचं डोकं भिंतीला लावून, पुष्कळदा कोपऱ्यात. मोजणारा उभा राहतो कुठे? खोलीच्या मधोमध, छातीच्या उंचीवर. एकाच खोलीत, एकाच मिनिटाला, या दोन जागांत एकाच खर्जाचा १५ डेसिबलचा फरक निघणं मुळीच नवलाचं नाही. हे मीटरशिवायही पडताळता येतं. रात्री घुमणं चालू असताना एक कान बंद करून भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत अगदी हळू चालत जावं. आवाज वाढतो, विरतो, पुन्हा वाढतो. मध्येच एक जागा अशी लागते की तिथे काहीच नाही असं वाटतं.

मोजणारा नेमका त्या जागी उभा असेल तर?

आकड्यांत सांगायचं तर असं धरू. खोलीतला घुमण्याव्यतिरिक्तचा आवाज ए मध्ये ३३ आणि सी मध्ये ४५ आहे. खोलीच्या मध्यावर घुमणं ४२ डेसिबल, उशीपाशी ५७. मध्यावर मीटर ए मध्ये दाखवेल ३३, कारण घुमण्याची भर दशांशात जाते. उशीपाशी तोच मीटर ए मध्ये ३९ आणि सी मध्ये ५७ दाखवेल. आता कुणीतरी शहाणपणाने पंपाखाली रबराचे माउंट बसवले, पाइप भिंतीला जिथे कडक पकडला होता तिथे मध्ये मऊ थर घातला, आणि घुमणं सगळीकडे १० डेसिबलने उतरलं. उशीपाशी ए ३४ आणि सी ४९ येईल. झोपणाऱ्याला तर आवाज निम्म्याहून कमी झाल्यासारखा वाटेल. मध्यावरचा मीटर मात्र दुरुस्तीनंतरही ३३ च म्हणेल. त्या एका जागेच्या भरवशावर कुणी ठरवलं की खर्च वाया गेला, तर पुढच्या घरात तो उपाय करायलाच कुणी तयार होणार नाही. म्हणून घरातली तक्रार असेल तेव्हा पहिलं रीडिंग तक्रार करणाऱ्याचं डोकं जिथे असतं तिथे घ्यावं. त्यालाच विचारावं, "सगळ्यात जास्त कुठे येतो?" तो हात करेल तिथे दुसरं. तिसरं कोपऱ्यात आणि चौथं मध्यावर. चारही लिहावेत आणि जागांसकट लिहावेत.

हे सगळं करण्याआधी मीटर खरं बोलतोय की नाही हे बघावं लागतं, आणि त्यासाठी कॅलिब्रेटर लागतो. मुठीत मावणारी ही डबी १००० हर्ट्झचा एकच स्वर ९४ डेसिबलला वाजवते, म्हणजे बरोबर एक पास्कल दाब. काहींना ११४ चंही बटण असतं. माइकवरचा फोमचा गोळा काढायचा, माइक अर्ध्या इंचाचा की पाव इंचाचा ते पाहून योग्य मापाची कडी डबीत बसवायची आणि माइक सावकाश, किंचित फिरवत, तळापर्यंत आत घालायचा. सावकाश अशासाठी की आतली हवा कोंडली जाते आणि माइकचा पडदा, जो काही मायक्रोमीटरचाच असतो, तिच्या दाबाने बिघडू शकतो. काढतानाही तेवढंच जपायचं. पाच-दहा सेकंद थांबून आकडा स्थिर होऊ द्यायचा. ९४ च्या आसपास जो काही येईल तो आधी तसाच लिहायचा आणि मगच जुळवायचा. लगेच जुळवून टाकलं की कालपासून मीटर किती सरकला हे कायमचं हातातून निसटतं. काही माइकांना कंपनी ९३.८ वर जुळवायला सांगते. तो आकडा पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच पाळावा. मोजणी संपल्यावर पुन्हा तीच तपासणी करायची. आधी आणि नंतर यांत अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक निघाला तर मधली सगळी रीडिंग बाद धरायची, मग ती कितीही कष्टाने घेतलेली असोत. बिघाडाची कारणं बहुधा साधी असतात. मीटरचा किंवा खुद्द कॅलिब्रेटरचा सेल उतरलेला असतो, कडी सैल बसलेली असते, नाहीतर थंड खोलीतला मीटर दमट हवेत नेल्याने माइकवर दव धरलेलं असतं. दवाची खूण म्हणजे काही कारण नसताना येणारी चरचर आणि उड्या मारणारा आकडा. अशा वेळी मीटर बाहेरच्या हवेशी जुळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं नुसता ठेवून द्यावा. माइक पुसायच्या फंदात तर पडूच नये.

कॅलिब्रेटरची एक मर्यादा मात्र ध्यानात असावी. १००० हर्ट्झला ए, सी आणि कुठेच काही न कापणारं सपाट झेड ही तिन्ही वेटिंग एकच आकडा दाखवतात. त्यामुळे चुकीचं वेटिंग लावून ठेवलेला मीटरही तपासणीत अगदी नीट पास होतो. माइकची खर्जाकडची किंवा टिपेकडची बाजू बिघडलेली असली, तरी ही डबी ते पकडत नाही. ते काम प्रयोगशाळेचं. मीटर आणि कॅलिब्रेटर दोन्ही ठरावीक मुदतीने तिथे पाठवायचे असतात. जागेवर डबीने केलेल्या तपासणीला प्रयोगशाळेतल्या तपासणीचा पर्याय समजू नये, आणि जुळवाजुळव झाल्यावर वेटिंगचं अक्षर पुन्हा एकदा डोळ्यांनी वाचावं.

मीटर हातात धरणाऱ्या माणसाचं शरीर हाही एक पृष्ठभाग असतो हे सहज विसरलं जातं. मीटर छातीशी धरला तर अंगावरून परतलेला आवाज थेट आवाजात मिसळतो, आणि ४०० हर्ट्झच्या आसपास त्यामुळे ६ डेसिबलपर्यंत चूक होऊ शकते. मीटरचं नाक निमुळतं केलेलं असतं ते याच कारणाने, स्वतःच्या अंगावरून आवाज कमीत कमी परतावा म्हणून. ट्रायपॉड असेल तर मीटर त्यावर लावावा, जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर, आणि आपण मागे होऊन उभं राहावं. नसेल तर हात पूर्ण लांब करून धरावा आणि अंग आवाजाच्या वाटेतून बाजूला घ्यावं. माइक 'फ्री-फील्ड' जातीचा, म्हणजे समोरून येणाऱ्या आवाजासाठी घडवलेला असेल तर त्याचं तोंड आवाजाच्या उगमाकडे करायचं. 'रँडम-इन्सिडन्स' जातीचा, म्हणजे सगळ्या दिशांनी येणाऱ्या आवाजासाठीचा असेल तर तिरपा, ७० ते ८० अंशांत धरायचा. कोणता आहे ते पुस्तिकेत सापडतं. इमारतीबाहेर मोजताना भिंतीचाही हिशेब लागतो. भिंतीपासून एक-दोन मीटरवर रीडिंग सुमारे ३ डेसिबलने फुगतं आणि माइक भिंतीला चिकटवला तर ६ ने. भिंतीचा परिणाम नको असेल तर साडेतीन मीटर तरी दूर जावं. जवळ उभं राहायला हरकत नाही, फक्त अंतर लिहून ठेवावं म्हणजे नंतर वजाबाकी करता येते. अंतर न लिहिलेल्या रीडिंगला मात्र पुढे कुणी दुरुस्त करू शकत नाही.

वारा हा उघड्यावरचा सगळ्यात मोठा शत्रू. माइकवरून वाहणारी हवा स्वतःच खर्जातला गडगडाट तयार करते. फोमचा गोळा तो कमी करतो, पुरता थांबवत नाही. सेकंदाला ५ मीटरच्या वर वारा असेल तर मोजणी थांबवावी. वारा मोजायचं साधन नसेल तर झाडाकडे बघावं. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर आपण त्या मर्यादेच्या जवळ आहोत. सी आणि ए च्या फरकावरून खर्ज ओळखायची जी युक्ती वर सांगितली ती वाऱ्यात साफ फसते. ए वाऱ्याचा गडगडाट कापून टाकतं, सी तो जसाच्या तसा मोजतं, आणि नुसत्या झुळकीने कारखाना दोषी ठरू शकतो. फोम ओला झाला तर निकामी समजावा आणि जुना होऊन बोटाला भुगा लागायला लागला की बदलावा.

पडद्यावर नाचणारा आकडा वाचायचा कसा, हा त्यापुढचा गोंधळ. 'फास्ट' आणि 'स्लो' ही दोन बटणं मीटर किती चटकन प्रतिसाद देतो ते ठरवतात. फास्ट म्हणजे एक-अष्टमांश सेकंद, स्लो म्हणजे एक सेकंद. दार आपटलं तर फास्टवर आकडा झटकन उसळतो, स्लोवर त्याच दाराचा आकडा बराच कमी दिसतो. हातोड्याचा खरा शिखर-दाब तर फास्टलाही गाठता येत नाही, त्यासाठी 'सी पीक' हे वेगळं माप असतं आणि ते फास्टच्या कमाल आकड्यापेक्षा सहज १० ते २० डेसिबल वर निघतं. कारखान्यात ऐकण्याच्या संरक्षणासाठी मोजताना हे चुकलं तर कानाची किंमत मोजावी लागते. आकडा बघून मनातल्या मनात सरासरी काढणं सगळ्यांनीच टाळावं. ६० आणि ८० यांची सरासरी ७० येत नाही. डेसिबलची मोजपट्टी लघुगणकी (लॉगरिदमिक) असल्यामुळे ती येते ७७. मीटरमधलं 'एलईक्यू' हे माप हीच सरासरी ऊर्जेच्या हिशेबाने काढतं. तासभरात बाकी सगळा वेळ ४५ डेसिबल आणि फक्त एक मिनिट ८० डेसिबलचा भोंगा, तर तासाचा एलईक्यू ६२ निघतो.

त्याच तासाचं 'एल-९०', म्हणजे नव्वद टक्के वेळ ओलांडली गेलेली पातळी, काढलं तर ४५. 'एल-५०' ४५. 'एल-१०', म्हणजे दहा टक्के वेळ ओलांडली गेलेली पातळी, तीही ४५, कारण एक मिनिट हे तासाच्या दोन टक्केही नाही. कमाल पातळी ८०. एकच तास, एकच भोंगा, आणि ४५, ६२, ८० असे तीन आकडे. प्रत्येक आकडा बरोबर आहे आणि प्रत्येकाचा वापर करून वेगळी बाजू मांडता येते. भोंग्याने दचकून उठणाऱ्याचा त्रास कमाल पातळीत आहे. रस्त्याकाठी राहणाऱ्याचा एलईक्यू मध्ये. भोंगा नसता तर परिसर किती शांत असता, हे एल-९० सांगतं. अहवालात यातला एकच आकडा असेल तर उरलेले दोन मागून घ्यावेत. मीटरने ते बहुधा साठवलेले असतात, द्यायला वेगळे कष्ट पडत नाहीत. मोजणीचा काळही तितकाच महत्त्वाचा. पंप वीस मिनिटांनी एकदा चालू होत असेल तर पाच मिनिटांच्या मोजणीला काही अर्थ नाही. निदान दोन-तीन पूर्ण फेऱ्या मोजणीत याव्यात. रात्रीची तक्रार असेल तर मोजणी रात्रीच करावी. जमिनीलगतची हवा रात्री वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि आवाज आकाशात निघून जाण्याऐवजी खाली वळतो, त्यामुळे दिवसा न पोहोचणारं यंत्र रात्री अंथरुणापर्यंत पोहोचतं.

मोबाइलवरच्या ॲपबद्दल थोडक्यात. फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी घडवलेला असतो. त्यात खर्ज मुद्दाम कापलेला असू शकतो, मोठा आवाज आपोआप दाबला जाऊ शकतो, आणि त्यावर कॅलिब्रेटर बसत नाही. काल आणि आज यांची ढोबळ तुलना करायला, किंवा गोंगाट केव्हा सुरू झाला केव्हा थांबला याची नोंद ठेवायला तो जरूर वापरावा. घुमण्याच्या तक्रारीत मात्र फोनचा आकडा पुढे करू नये, तक्रार करणाऱ्याचीच बाजू त्याने दुबळी होते. स्वस्त मीटरचीही एक सीमा असते. त्याच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्सचा खरखराट ३० डेसिबलच्या आसपास असतो. अतिशांत खोलीत तो ३१ दाखवत असेल तर ते खोलीचे की मीटरचे हे सांगता येत नाही. पडद्यावर 'अंडर' अशी खूण आली तर रेंज खाली आणावी. तरीही जात नसेल तर या मीटरच्या हातची ही गोष्ट नाही असं समजावं. 'ओव्हर' आलं तर त्या क्षणाचा आकडा मुळीच वापरू नये.

आणि पार्श्वभूमीचा आवाज. मीटरला यंत्र आणि बाकीचं जग यांत फरक करता येत नाही, जे पोहोचतं ते सगळं तो एकत्र मोजतो. दोन सारखे आवाज मिळाले की ३ डेसिबल वाढतात, ७० आणि ७० मिळून ७३. पण ७० मध्ये ६० मिळवले तर येतात ७०.४. म्हणून यंत्र चालू असताना आणि बंद असताना अशी दोन रीडिंग त्याच जागी घ्यावी लागतात. बंद करवून घेणं हे या कामातलं सगळ्यात अवघड पाऊल असतं, कारण त्यासाठी यंत्राच्या मालकाची संमती लागते. तरी त्यासाठी आग्रह धरावा. फरक १० डेसिबल किंवा जास्त असेल तर पार्श्वभूमी विसरून चालतं. ६ असेल तर मोजलेल्यातून १.३ वजा करावेत. ४ असेल तर २.२. चालू असताना ५२ आणि बंद असताना ४६ आले तर यंत्राचे स्वतःचे ५०.७. फरक ३ पेक्षा कमी निघाला तर वजाबाकी करूच नये, तिच्यातून येणाऱ्या आकड्यावर विसंबता येत नाही. अशा वेळी कागदावर स्पष्ट लिहावं की या पार्श्वभूमीत यंत्राची पातळी ठरवता आली नाही. "मर्यादेत आहे" असं लिहू नये. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे, आणि पहिल्या वाक्यामुळे तक्रार उघडी राहते. मग रहदारी ओसरल्यावर, पहाटे दोन ते चारच्या दरम्यान पुन्हा यावं. पार्श्वभूमी खाली उतरते आणि कालपर्यंत बुडालेलं यंत्र मोजता येण्याइतकं वर दिसायला लागतं.

नोंदीच्या कागदावर एवढं तरी असावं: मीटर आणि कॅलिब्रेटर यांचे क्रमांक, आधीची व नंतरची तपासणी, वेटिंग, फास्ट की स्लो, सुरू केल्याची आणि थांबवल्याची वेळ, वारा, दारं-खिडक्या उघड्या की बंद, माइकची उंची, भिंतींपासूनची अंतरं दाखवणारा हाताने काढलेला खोलीचा नकाशा. त्याखाली दोन रकाने पाडावेत. एकात मोजणाऱ्याने दर मिनिटाला काय ऐकू आलं ते लिहावं: कुत्रं भुंकलं, गाडी गेली, लिफ्ट सुरू झाली, पंप बंद पडला. दुसरा रकाना तक्रार करणाऱ्याला द्यावा. त्याने पडद्याकडे न बघता, फक्त घड्याळ बघून, घुमणं केव्हा सुरू झालं आणि केव्हा थांबलं तेवढं लिहावं. नंतर दोन्ही रकाने मीटरमधल्या १०० हर्ट्झच्या पट्ट्याच्या आलेखाशेजारी ठेवावेत. पट्टा जिथे वर चढलाय त्या वेळा आणि त्या माणसाने लिहिलेल्या वेळा जुळल्या, तर त्याला काय ऐकू येतंय याबद्दल वाद घालायला जागा राहत नाही. कोणतं यंत्र कोणत्या वेळी चालू होतं याचं वेळापत्रक त्यांच्याशी लावलं की उगमही बहुधा त्याच कागदावर सापडतो.